एवढ्याशानं काय होतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमी हाच असतो. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर. मला सिलिअॅक आहे, म्हणजे धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनानं लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, हे तुम्हाला एव्हाना माहीत आहे. गहू, जव आणि राय (हे धान्य, मोहरी नव्हे) चालत नाहीत, आणि रवा, मैदा, शेवया, दलिया म्हणजे गहूच, हेही माहीत आहे. तुमचं अडतं ते प्रमाणापाशी, म्हणून फक्त प्रमाणाबद्दलच बोलते.

पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालतं. गव्हाच्या पिठाचा साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. मग किलोभर ज्वारीच्या पिठात ०.२ ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं की ही मर्यादा गाठली. ०.२ ग्रॅम म्हणजे एक बारीकशी चिमूट. माणसाच्या बाजूनं पाहिलं, तर दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसतं. इटलीतल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली होती. हे दोन आकडे लक्षात ठेवा: १० आणि ५०.

आता सत्यनारायणाचा शिरा घ्या, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते इथंच.

सव्वा किलो रवा, तेवढीच साखर, तेवढंच तूप, वर दूध आणि केळी. शिजून तयार झालेल्या शिऱ्यात रव्याचा वाटा पाचवा-सहावा हिस्सा. तळहातावर पडणारा चमचाभर प्रसाद १५ ग्रॅमचा धरला तर त्यात सुमारे ३ ग्रॅम रवा आला आणि ३ ग्रॅम रव्यात ३०० मिलिग्रॅम ग्लुटेन. रोजच्या दहाच्या हिशोबानं ही महिन्याभराची बेरीज आहे. तुम्ही म्हणता तो ‘एवढासा’ तो हाच.

आणि हा चमचा पुढे येतो तो नेमका कथा संपल्यावर. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि त्याची नौका दिसेनाशी झाली, गोपांनी दिलेला प्रसाद टाकून गेलेल्या तुंगध्वज राजाचे पुत्र आणि वैभव गेलं, हे सगळ्यांनी नुकतंच ऐकलेलं असतं. अशा वेळी ‘नको’ म्हणणं आजाराचं कारण सांगूनही अवघड जातं. समोरच्या काकूंच्या चेहऱ्यावर राग नसतो, भीती असते. माझ्यासाठी वाटणारी भीती. ती मला कळते, म्हणूनच तिथं वाद घालता येत नाही. काही जण प्रसाद हातात घेतात, कपाळाला लावतात आणि शेजारच्याला देतात. तसं केलंत तर पुढचं काही खाण्याआधी हात पाण्यानं नीट धुवावेत, कारण तुपातला रवा बोटांना चिकटून राहतो. सॅनिटायझरनं ग्लुटेन जात नाही.

पण एक गोष्ट यजमानांना खरंच माहीत नसते. याच कथेच्या पहिल्या अध्यायात प्रसादाचे जिन्नस सांगताना गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं चालेल असं स्वच्छ म्हटलं आहे: ‘अभावे शालिचूर्णं वा’. पोथीच मोकळीक देते आहे. तांदळाचा रवा तुपावर भाजून, गव्हाच्या रव्याला लागतं त्याहून थोडं जास्त पाणी किंवा दूध घालून आणि झाकण ठेवून नीट वाफ आणली की शिरा उत्तम होतो. तांदळाच्या रव्याला फुलायला वेळ लागतो, तेवढी घाई करू नये. कढई, उलथनं आणि रव्याचा डबा मात्र वेगळा हवा. आधी गव्हाचा शिरा आणि मग त्याच कढईत ‘तुमच्यासाठी वेगळा’ असं केलं तर सगळे कष्ट वाया जातात.

तुम्ही म्हणाल, वर्षातून एकदा खाल्लं तर? खरं सांगते, वर्षातून एका चमच्यानं आतडं कायमचं बिघडेल असं मी म्हणणार नाही. पण पुण्यात ‘वर्षातून एकदा’ असं काही नसतं. श्रावणातला सत्यनारायण, गणपतीत मंडळाचा सत्यनारायण, गौरीजेवण, वास्तुशांत, कोणाची मुंज, कोणाचा साखरपुडा. प्रत्येक घराला आपला एकच चमचा दिसतो. खाणाऱ्याच्या आतड्यात त्यांची बेरीज होते. शिवाय काहींना खाल्ल्यावर दोन-चार तासांत पोटात कळा येतात, जुलाब होतात, तर काहींना काहीच होत नाही. त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही, असं नसतं. अस्तरावरची केसाळ लव सपाट होत राहते आणि पुढे ते रक्तातल्या लोहाच्या कमतरतेत, ठिसूळ हाडांत, मुलांच्या खुंटलेल्या उंचीत दिसतं. ‘मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही’ हा पुरावा मला कोणी देऊ नये.

पूर्वी मला वाटायचं की नीट समजावलं की माणसांना पटतं. आता वाटतं, आकडे पटतात, पण पंगतीत आकड्यांना जागा नसते. तरीही समजावणं सोडून द्यावं, हेही मला मान्य नाही.

प्रसाद निदान डोळ्यांना दिसतो. गिरणी दिसत नाही. ‘तुमचं काय, तुम्ही भाकरी खाता, मग प्रश्नच नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे सांगते. पेठेतल्या गिरणीत गव्हाच्या दळणानंतर तुमची ज्वारी पडली की जात्यात, चाळीत आणि पीठ पडणाऱ्या कापडी नळीत राहिलेलं गव्हाचं पीठ तुमच्या डब्यात येतं. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम आलं तरी किलोभर पिठात ३०० मिलिग्रॅम ग्लुटेन झालं, मर्यादेच्या पंधरापट. दोन भाकरींना १०० ग्रॅम पीठ लागतं. त्यातून ३० मिलिग्रॅम रोज, आणि तेही भाकरी खातोय या समाधानात. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं गिरणीवाल्याला सांगतात, त्यानं कमी होतं, संपत नाही. वेगळं जातं असलं तरी हवेत उडणारं पीठ सगळ्यावर बसतं. खात्रीचा उपाय घरघंटी, आणि तिच्यात एकदाही गहू दळायचा नाही. कोणाची वापरलेली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

अख्खी ज्वारी घ्या, मार्केट यार्डातून मालदांडी आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून, पण निवडल्याशिवाय दळू नका. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन ४ मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे राहिले की २० मिलिग्रॅम पुरे झाले. ताटात पातळ पसरून, उजेडात, थोडी थोडी निवडायची. मग धुऊन कडक वाळवायची, म्हणजे पोत्यातली धूळही जाते.

घरात पोळ्याही होत असतील तर आधी भाकरी, मग पोळ्या. पोळी लाटताना उडालेली पिठी बराच वेळ हवेत राहते. पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी आणि लाकडी उलथनं वेगळं घ्यावं, तुळशीबागेत सगळं मिळतं. चाळणीची जाळी कितीही घासली तरी साफ होत नाही. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात, त्यांच्यावर वेगळा खर्च करू नये.

बाकीचं पटकन सांगते. बांधानी, म्हणजे पिठात मिसळलेल्या, हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे फोडणी, लोणचं, पापड, मठ्ठा सगळ्यांवर शंका येते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीवर वाचून घ्या. मेतकुटात गहू असतो, आजारी माणसाला प्रेमानं दिलेल्या मऊ भातावरचं मेतकूटही म्हणून नको. थालिपिठाच्या भाजणीतून गहू वगळला तरी थालीपीठ बिघडत नाही, वगळा. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, आणि त्या तळलेल्या तेलातच साबुदाणा वडा आणि पापड तळले जातात. बाकरवडीच्या पारीत मैदा. माल्टची पेयं जवाची. उकडीचे मोदक आणि खिरापत चालते, तळणीचे मोदक नाहीत. उपवासाचं ताट बहुतेक वेळा सगळ्यात सोयीचं: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिरा, साबुदाण्याची खिचडी.

आणि हे नवीन फॅड नाही. नेदरलँड्समध्ये डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४–४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलिअॅक असलेली मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. गहू सोडून हलकं वाटतं म्हणून सोडणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्यांना एक विनंती आहे: संशय असेल तर आधी टीटीजी-आयजीए ही या आजाराची रक्ततपासणी करा, गरज पडल्यास एंडोस्कोपीतून आतड्याच्या अस्तराचा तुकडाही तपासा, आणि तोवर गहू खात राहा. आधीच बंद केला तर तपासणी खोटी चांगली येते, मग निदानासाठी तोच गहू पुन्हा खावा लागतो. ज्यांच्या आईवडिलांना, भावंडांना किंवा मुलांना हा आजार आहे त्यांनी त्रास नसला तरी तपासून घ्यावं.

एका प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. कोणी मुद्दाम तांदळाचा शिरा करतं, वेगळ्या कढईत, वेगळ्या उलथन्यानं. आणि तूप मात्र घरच्या त्याच बरणीतलं, ज्यात पोळीला तूप लावलेला चमचा रोज परत बुडतो. हे विचारायचं का? विचारलं तर त्यांच्या सगळ्या कष्टांवर बोट ठेवल्यासारखं होतं, न विचारता खाल्लं तर वरचा सगळा हिशोब मी मोडला. तुम्हाला शक्य असेल तर एवढं करा: बोलावताना तूप नव्या डब्यातलं आहे हे तुम्हीच आधी सांगा, म्हणजे मला विचारावं लागणार नाही.