रोजची भाकर

परवा दुपारी तव्यावर टाकता टाकता भाकर मधोमध फाटली. एक नाही, लागोपाठ तीन. दळण आणून महिना उलटून गेलेला, पिठातली जिग गेलेली. घरात माणसं दोन, त्यातलं एक रात्री नुसतं दूध पिऊन झोपणारं, मग पीठ जुनं होणार नाही तर काय? आधणाच्या पाण्यात मळलं तरी काठाच्या चिरा काही मिटेनात. चौथी थापायला घेतली आणि येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली ओळ तोंडातून आपोआप निघाली, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." भक्तीनं नव्हे हं, वैतागून.

ही खोड आजीची. आजी बेथेलची. जालन्याजवळचं हे गाव रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं. तिची प्रार्थना काठवटीपाशीच व्हायची. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत ती पीठ ओढून घ्यायची. "भाकर" या शब्दाला भाकर तव्यावर पडलेली असायची आणि "आमेन"पर्यंत चुलीच्या आराला टेकून टम्म फुगायची. एखादी फुगली नाही की आजी वळून आमच्याकडे संशयानं बघायची. कोण डोळे उघडे ठेवून बसलं होतं?

माझी तेव्हा पक्की समजूत होती की येशू ज्वारीचीच भाकर खायचा. शास्त्रात स्वच्छ लिहिलंय की, भाकर. सोबत काय, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी ठेच्यावर सोडवला होता. पुढे बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात "जवाच्या पाच भाकरी" वाचलं आणि हिरमुसले. त्या मुलखात जव हे गरिबाचं धान्य होतं, हे समजल्यावर राग गेला. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचं घर, हे मी मोठ्या ऐटीत आजीला सांगायला गेले, तर ती म्हणाली, "मंग? जन्माला दुसरीकडं कामून जाईल त्यो?"

'बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. कणग्या रिकाम्या. आजी आणि काका खडी फोडायला जायचे. तिकडे सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी. त्याची भाकर लालसर, घशातून उतरता उतरायची नाही. मी ताटावर रडायचे. एकदा मी विचारलं की, देवाकडे मागायचंच तर वर्षाची पोती का मागू नयेत? आजीचा हात थांबला नाही. "आज दे म्हणलंय लेकरा. उद्याचं कुठं म्हणलंय?" आता चर्चच्या शब्बाथ शाळेत मीच पोरांना रानातल्या मन्नाची, देवानं आकाशातून पाठवलेल्या अन्नाची गोष्ट सांगते. त्या दिवसापुरता वेचायचा, शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, तेवढा आदल्या दिवशी. एरवी सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. पोरं विचारतात, "टीचर, फ्रीजमध्ये?" फ्रीजचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

एक मात्र मला आयुष्यभर खटकत आलंय. शास्त्रात भाकर, प्रार्थनेत भाकर, गीतात भाकर, आणि येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या प्रभुभोजनाला बेकरीचा पाव! कडा कापून, चौकोनी तुकडे करून. आमच्या मंडळीत मी एकदा हा विषय काढला. पंचांमधले एक काका म्हणाले, "बाई, भाकरीचा चुरा फार पडतो." मुद्दा चुकीचा नव्हता. पण पाव कापतात. मोडतात ती भाकर. आणि शास्त्रात शब्द तोच आहे, त्यानं भाकर घेतली, आशीर्वाद दिला आणि मोडली.

मरणातून उठलेला येशू अम्माऊस गावाच्या वाटेवर ज्यांना भेटला, त्या दोन शिष्यांची गोष्टही अशीच. वाटभर येशू शेजारून चालतोय, बोलतोय, तरी ओळख पटत नाही. जेवायला बसल्यावर त्यानं भाकर मोडली आणि पटली. पाद्रीसाहेब त्यावर अर्धा तास बोलले होते. घरी आल्यावर आजीनं एका वाक्यात उरकलं, "परतेकाची मोडायची तऱ्हा येगळी असती. तुझा आजा आधी चतकोर मोडायचा, मंग तेच्यातला नितकोर कुत्र्याला काढून ठेवायचा. अंधारात बी वळखला असता." त्यानंतर मी कित्येक दिवस जेवताना सगळ्यांचे हात बघत बसायचे. बाबा घडी घालून मोडायचे, काका एका हातानं.

हे सगळं त्या चौथ्या भाकरीपाशी उभी राहून आठवत होते, तेवढ्यात ती करपली.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला रेल्वेनं येताना करमाड लागतं. मी त्या बाजूला बघत नाही. 8 मे 2020 ची पहाट. टाळेबंदीत काम गेलेले मध्य प्रदेशातले मजूर जालन्याहून रुळाच्या कडेनं चालत निघाले होते. थकून रुळावरच झोपले. मालगाडीखाली 16 जण गेले. दिवसभर टीव्हीवर रुळांमध्ये विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या दाखवत होते. आदल्या दिवशी कुणीतरी त्या भाजून, फडक्यात बांधून घेतल्या असतील. उद्यासाठी.

दोन दिवसांनी रविवार. चर्च बंद, उपासना फोनवर. सगळे आपापल्या चौकटीत डोळे मिटून बसलेले. प्रार्थना त्या ओळीपाशी आली आणि मला पुढे म्हणता येईना. माझा माईक बंदच होता, कुणाला कळलं नाही.