टायरची आतली कड

मागच्या आठवड्यात मुलुंड चेकनाक्याजवळ गाडीचा पुढचा डावा टायर पंक्चर झाला. पंक्चरवाल्या काकांनी चाक काढून आडवं टाकलं आणि काही न बोलता आतल्या कडेवर बोट ठेवलं. रबर संपून तारा दिसत होत्या. बाहेरच्या बाजूने तोच टायर चांगला, नक्षी खोल. रोज गाडी काढताना माझी नजर तिथेच जायची. दोनच दिवसांपूर्वी आईला घेऊन याच चाकावर पुण्याला जाऊन आले होते, एक्स्प्रेस वेवरून. ते आठवून हातपाय गार पडले.

स्टेअरिंग डावीकडे ओढतंय हे महिनाभर जाणवत होतं. पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी जरा डावीकडे जातेच. मी तेच कारण धरून बसले. पण सपाट जागेवर सरळ जातानाही स्टेअरिंग तिरकं धरावं लागत असेल, तर दोष रस्त्याचा नाही. मला आठवतोय तो जुलैतला खड्डा. वर पाणी साचलेलं, खोली कळली नाही, आणि खाडकन आवाज आला होता.

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्यायला गेले, तर तिथला मेकॅनिक म्हणाला, "ताई, मशीनवर घ्यायच्या आधी चाक हलवून बघू." चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं तर टाय रॉडचं, म्हणजे स्टेअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक ढिलं. ते न बदलता आकडे जुळवले असते तर पुढच्या खड्ड्यात परत तेच झालं असतं. मशीनवर घ्यायच्या आधी त्याने चारही चाकांतली हवाही नीट केली. माझ्या गाडीत बिघडला होता तो टो, म्हणजे चाकं वरून पाहताना सरळ आहेत की आत-बाहेर वळलेली, तो कोन. माझी पुढची चाकं समोरच्या बाजूला बाहेर फाकलेली. फेंगडं चालणाऱ्याची चप्पल एकाच कडेला झिजते ना, तसंच. चाक समोरून पाहताना आत-बाहेर कललेलं असतं तो कॅम्बर. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो सहज बदलता येत नाही. तो ठरलेल्या मर्यादेच्या फार बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय का ते शोधावं लागतं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद मी मागून घेतला. तुम्हीही मागा.

बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, हा वेगळा प्रकार. ऐंशीच्या वेगाच्या आसपास स्टेअरिंग थरथरतं ते बहुतेक वेळा बॅलन्सिंग बिघडल्यामुळे, गाडी ओढण्याशी त्याचा संबंध नाही.

उजव्या टायरचीही आतली कड गेलेली होती, म्हणून दोन नवे घेतले. ते मागे बसवले आणि मागचे चांगले दोन पुढे आणले. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी सावरणं फार अवघड, म्हणून चांगली पकड मागे हवी.

हवेचं म्हणाल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. माझ्या गाडीला ३३ पीएसआय. तो गार टायरचा असतो. वीस किलोमीटर चालवून पंपावर मोजलं तर आकडा जास्त दिसतो. मी आता सकाळी खाली पार्किंगमध्येच गेजने बघते. हवा कमी राहिली तर टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त झाली तर मधोमध. नक्षीच्या खाचांत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. स्टेपनीही काढून बघा. माझ्या स्टेपनीवरचे चार आकडे ३८१६ निघाले, म्हणजे टायर २०१६ सालच्या ३८व्या आठवड्यात बनलेला. इतक्या जुन्या रबरावर मी आता भरवसा ठेवणार नाही.

भाऊ गणपतीला सावंतवाडीला निघालाय. त्याला सांगितलं, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरव, आत हात घाल आणि मोबाइलने आतल्या कडेचा फोटो पाठव. रात्री दोन फोटो आले. उजवा ठीक आहे. डाव्याची कड गुळगुळीत झालीय. शनिवारी सकाळी आम्ही दोघं मिळून गाडी दाखवायला नेतोय.