माऊस अखेर दोन्हीकडे चालला: विंडोज ११ आणि डेबियन १३, पुढचा टप्पा

मंडळी, माझ्या एकाच कॉम्प्युटरवर विंडोज ११ आणि डेबियन १३ (लिनक्स) दोन्ही आहेत, आणि ब्लूटूथ माऊस आता दोन्हीकडे चालतो! विंडोज बंद केलं, डेबियन सुरू केलं, माऊस हलवला आणि कर्सर हलला. पुन्हा पेअरिंग नाही की सेटिंग उघडणं नाही. परत विंडोजमध्ये गेले, तिथेही तसंच. फार आनंद झालाय, म्हणून लगेच लिहायला बसले.

पार्टिशन, सिक्युअर बूट, फास्ट स्टार्टअप हे मागे लिहून झालंय. घड्याळाचं राहिलं होतं, ते आधी उरकते. डेबियन मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, म्हणून विंडोजमध्ये साडेपाच तास मागचं दिसायचं. बरेचजण लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला लावतात. मला ते पटत नाही, कारण वेळ लावायची लिनक्सची कमांड टाइमडेटसीटीएल स्वतःच त्याविरुद्ध इशारा देतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यात, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही डीवर्ड व्हॅल्यू १ ठेवली आणि प्रश्न मिटला.

आता ब्लूटूथ. मदरबोर्डवर ब्लूटूथची चिप एकच, त्यामुळे तिचा पत्ताही एकच, मग विंडोज चालू असो वा डेबियन. पण पेअरिंग केलं की दर वेळी नवी गुप्त की (किल्ली) तयार होते आणि माझा माऊस एका पत्त्यासाठी एकच की लक्षात ठेवतो. डेबियनमध्ये जोडला की विंडोजकडची की रद्दी. तिथे जोडला की इथली रद्दी. माऊसच्या दृष्टीने कॉम्प्युटर तोच असतो, फक्त की चुकीची देतो, म्हणून तो नकार देतो. उपाय एकच: दोन्हीकडे एकच की ठेवायची.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेबियनमध्ये पेअर करायचं, म्हणजे व्हार-लिब-ब्लूटूथखाली माऊसचं फोल्डर तयार होतं. मग विंडोजमध्ये पेअर करायचं. ही की शेवटची. मग विंडोज शिफ्ट दाबून पूर्ण बंद करायचं आणि डेबियनमधून विंडोजची ‘सिस्टिम’ नावाची रजिस्ट्री फाइल वाचायची. सी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तरी अडत नाही. लिनक्सचं कुलूपबंद डिस्क उघडणारं हत्यार क्रिप्टसेटअप, त्याच्या २.३ आवृत्तीपासून ते उघडता येतं, ४८ अंकी रिकव्हरी की तेवढी हाताशी हवी. पार्टिशन मात्र फक्त वाचण्यापुरतंच माउंट करा.

रजिस्ट्री वाचायला मी सीएचएनटीपीडब्ल्यू वापरते. विसरलेले विंडोज पासवर्ड काढून टाकायला बनवलेलं जुनं हत्यार आहे, पण अजून भरवशाचं. विंडोजमधून तोच विभाग बघायचा तर सिस्टिम खात्याचे अधिकार लागतात, ॲडमिन असून भागत नाही. बाहेरून वाचताना ती कटकटच नाही. एक लक्षात ठेवा: बंद फाइलमध्ये ‘करंटकंट्रोलसेट’ सापडणार नाही, तो विंडोज चालू असतानाच दिसतो. ‘कंट्रोलसेट००१’ मध्ये जायचं आणि तिथून बीटीएचपोर्ट या ब्लूटूथच्या विभागातल्या ‘कीज’ पर्यंत.

हेडफोन इथे झटक्यात झाले. ते क्लासिक ब्लूटूथवाले, त्यामुळे १६ बाइटची एकच की. ती उचलून डेबियनच्या ‘इन्फो’ फाइलमध्ये ‘लिंककी’ खाली ठेवली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि गाणं वाजलं. ती पाच मिनिटं फार सुखाची होती.

माऊसने मात्र घाम काढला. तो लो एनर्जी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवाला. त्याची एक की नसते, अख्खं बिऱ्हाड असतं: एलटीके (मुख्य की), ती ओळखायचे ईडिव्ह आणि ईरँड हे दोन आकडे, वर आयआरके (पत्ता ओळखायची की). सगळं भरलं तरी माऊस ढिम्म. पहिला उलगडा फोल्डरच्या नावात होता. काही माऊस नव्याने पेअर केले की स्वतःचा पत्ताच बदलतात. माझ्या माऊसच्या पत्त्यातली शेवटची जोडी डेबियनमध्ये ३ए होती, विंडोजमध्ये ३बी झाली. डेबियन जुन्या पत्त्यावर वाट बघत बसलेलं. फोल्डरचं नाव बदललं. त्यानंतर माऊस क्षणभर जोडला जायचा आणि सुटायचा, आणि हे जास्त जिवावर येणारं होतं.

खरी मेख ईरँडमध्ये निघाली. एलटीके आहे त्या क्रमाने जशीच्या तशी उतरवायची असते. ईरँड मात्र आठ बाइटचा आकडा आहे आणि रजिस्ट्रीत त्याचे बाइट उलट्या क्रमाने बसलेले असतात. बाइट उलटे करायचे, मग तो आकडा दशमान पद्धतीत आणायचा आणि ‘रँड’ समोर लिहायचा. ईडिव्हही दशमानच. ज्यांचे माऊस नव्या पद्धतीने, सिक्युअर कनेक्शन्सने पेअर होतात, त्यांच्याकडे हे दोन्ही शून्य दिसतील आणि ही डोकेदुखी नसेल. आणखी एक, फाइल बदलण्याआधी ब्लूटूथ सर्व्हिस थांबवा, नाहीतर ती आपल्या आठवणीतलं जुनंच परत लिहून टाकू शकते.

हे जमेना तेव्हा डेबियनसाठी वेगळा यूएसबी डोंगल घ्यायचं ठरवत होते. तो बेत रद्द. तरी कुणी घेणार असाल तर जपून घ्या. सीएसआर ८५१० म्हणून स्वस्तात विकले जाणारे बरेच डोंगल नकली चिपचे असतात आणि लिनक्सच्या बीटीयूएसबी ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी तजवीज करावी लागलेली आहे. दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

पुढची पायरी होती ब्लूटूथ कीबोर्ड, म्हणजे टेबलावरची शेवटची वायर गेली. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की सुरुवातीला कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या ग्रबला ब्लूटूथ कळत नाही, मेनूत बाण कशाने हलवणार? मग मेनूच नको. ग्रबचा टाइमआउट शून्य करायचा, बूट क्रमात डेबियन पहिलं ठेवायचं आणि विंडोजमध्ये जायचं तेव्हा डेबियनमधूनच ईएफआयबूटएमजीआर कमांडने ‘बूटनेक्स्ट’ (पुढच्या वेळी काय सुरू करायचं ते) लावून रीस्टार्ट. डेस्कटॉपवर एक बटण पुरेल. यात दुसरा फायदा असा की विंडोज थेट फर्मवेअरमधून (मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममधून) सुरू होतं. ग्रबमार्गे गेलं की बिटलॉकर कधीकधी रिकव्हरी की मागत बसतो, ते टळेल. माझं डेबियन लक्सने (लिनक्सच्या डिस्क-कुलपाने) बंद केलेलं नाही, म्हणून हे जमेल. तुमचं असेल तर पासवर्डासाठी वायरवाला कीबोर्ड लागणारच.

थांबा, यात एक खोट आहे. बूटनेक्स्ट एकदाच लागू होतं. विंडोजचे मोठे अपडेट मध्येच आपोआप रीस्टार्ट करतात, तेव्हा मशीन सरळ डेबियनमध्ये येईल आणि अपडेट अर्धवट लटकेल. मग क्रमात विंडोज पहिलं ठेवून, तिथे बीसीडीएडिट या विंडोजच्या बूट-कमांडने डेबियनकडे एकदाच पाठवणारं बटण करावं का? डेबियनला रीस्टार्ट कधी द्यायचा ते माझ्या हातात असतं, त्यामुळे तिकडे हा धोका नाही. पण मग कॉम्प्युटर चालू केला की रोज विंडोज समोर येणार आणि माझं निम्म्याहून जास्त काम डेबियनमध्ये असतं. तूर्त अपडेट असेल त्या दिवशी क्रम हाताने बदलून बघते. कुणी बीसीडीएडिटचा ‘बूटसीक्वेन्स’ रोज वापरत असेल तर सांगा, काही फर्मवेअर तो मानत नाहीत असं वाचलंय.