रँसचा खडू आणि नानांचे प्रश्न

पॅरिसच्या गार द लेस्ट स्थानकातून सुटलेली वेगवान गाडी पाऊण तासात रँसला पोचवते. शँपेन बघायला निघालेले पुष्कळ लोक त्याच भागातलं एपर्ने हे गाव गाठतात. आम्ही रँस निवडलं ते शहराच्या पोटात काय आहे त्यासाठी. इथे रोमन काळापासून बांधकामासाठी खडूचा दगड खणत आले. त्या खाणींमध्ये आज शँपेनवाल्यांची तळघरं आहेत, आणि २०१५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहेत.

आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील. नानांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि गळ्यात तुळशीची माळ. घोटभरही घेणार नाहीत हे ठरलेलंच होतं. तरी म्हणाले, "द्राक्षाचं पुढं काय करता हे लोक, ते पाहू तरी."

आम्ही गेलो ते पॉमरी या जुन्या शँपेन कंपनीकडे. तिचं आवार शहराच्या कडेला, चढावर आहे. इमारती मात्र फ्रेंच वाटतच नाहीत. मनोरे, कंगोरे, सगळा थाट इंग्रजी वाड्याचा. मालकीणबाई व्यवहारी होत्या, गिऱ्हाईक इंग्लंडात होतं. १८५८ साली नवरा गेल्यावर लुईझ पॉमरींनी धंदा हातात घेतला, या पडक्या खाणी विकत घेतल्या आणि भुयारांनी एकमेकींना जोडल्या. त्याच रँसमध्ये त्यांच्या आधी क्लिको घराण्याची तरुण विधवा हेच करून गेली होती. तिकडच्या कायद्यात नवऱ्यामागे राहिलेल्या बाईला स्वतःच्या नावानं व्यापार करता यायचा, जो लग्नाच्या बाईला सहज करता येत नसे. आपल्याकडे विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे पॉमरीबाई लंडनच्या ऑर्डरी घेत होत्या तेव्हा आपल्याकडे विधवेनं पुन्हा लग्न करावं की नाही यावर वाद चालू होते. हे मी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझी पणजी पण बाग एकटीच पाहायची, तिला कोणी वाडा नाही बांधून दिला."

खाली उतरायला ११६ पायऱ्या, एका सरळ रेषेत. वणीचा गड चढणाऱ्या माणसाला त्याचं काय! मला मात्र मधेच स्वेटर घालावा लागला. खाली बारा महिने दहा अंशांच्या आसपास थंडी असते.

आणि मग ती खाण. वर पाहिलं की तीसेक मीटरवर उजेडाचा लहानसा चौकोन, आणि तिथून खाली रुंदावत आलेल्या पांढऱ्या भिंती. तोंड अरुंद ठेवून खाली रुंद खणत जायचं, म्हणजे पाऊस आणि हिमाचा मारा दगडाला लागत नाही. अशा खाणी जोडून झालेली भुयारं १८ किलोमीटर आहेत. जिथे माल जायचा त्या शहरांची नावं गल्ल्यांना दिली आहेत. १८८० च्या दशकात एका शिल्पकारानं भिंतींवर मोठाली कोरीव चित्रं काढली, तीही तिथेच, मेणबत्तीच्या उजेडात. अधूनमधून आजच्या कलावंतांची काही विचित्र मांडणीशिल्पंही भेटतात. त्यांच्यापुढे मी फार थांबले नाही.

नानांनी भिंतीवर बोट फिरवलं. ओलसर, आणि बोट पांढरं. आपण फळ्यावर वापरतो तो खडू बहुतेक जिप्समचा असतो. हा अस्सल, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा. हा दगड पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि वेलीला कोरड्या दिवसांत पुरवतो. "मग ठिबक?" नानांनी विचारलं. मी गाइड मुलीला विचारलं. ठिबकच काय, पाणी द्यायलाच इथे नियमानं मनाई आहे. नाना गप्प झाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर टँकरच्या उन्हाळ्यांचा हिशेब दिसत होता.

बाटलीचं काम असं. आधी साधी, कडक आंबट वाइन करतात, वेगवेगळ्या बागांची आणि सालांची मिसळतात. मग लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद. आत पुन्हा किण्वन होतं आणि वायू बाहेर जाऊ शकत नाही. दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. पूर्वी बाटल्या फुटायच्या, म्हणून तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून फिरायचे. नियमानं बाटलीला किमान १५ महिने थांबावं लागतं, विशिष्ट सालाची असेल तर तीन वर्षं. शेवटी यीस्टचा गाळ काढायचा. बाटल्या भोकांच्या लाकडी फळ्यांत तिरक्या ठेवून रोज थोड्या फिरवायच्या, हळूहळू उलट्या करायच्या, की गाळ तोंडाशी येतो. हातानं करायला दीड-दोन महिने लागतात, यंत्राला आठवडा. मग बाटलीचं तोंड गोठवायचं, झाकण काढायचं, आतल्या दाबानं गाळाचा बर्फ उडून जातो.

चंडोन या वाइन कंपनीनं आपल्या दिंडोरीत याच पद्धतीनं स्पार्कलिंग वाइन केली आहे, पण आपल्या काळ्या बेसाल्टात असं आयतं शीतगृह मिळत नाही.

पहिल्या महायुद्धात हाच खडू माणसांच्या कामी आला. १९१४ ते १९१८ रँसवर तोफा चालू होत्या, कॅथीड्रल जळालं, आणि लोक तळघरांत राहायला आले. तिथे संसार झाले, मुलांच्या शाळा भरल्या. एवढं ऐकून रिकाम्या वाटणाऱ्या गल्ल्यांकडे पुन्हा पाहिलं तर वर जायची घाई वाटेना.

वर आल्यावर चव. १८७४ साली पॉमरींनी कोरडी, ब्रूत शँपेन काढली. त्याआधी शँपेन म्हणजे भरपूर साखर. आज ब्रूतमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. गंमत अशी की लेबलवर 'एक्स्ट्रा ड्राय' असेल तर ती ब्रूतपेक्षा गोड. माझ्या पेल्यात आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा आला, मागून भाजलेल्या पावाचा वास. तो वास यीस्टच्या गाळावर मुरल्याचा. नानांनी आपला पेला नाकाशी नेला, "ताडीसारखं आंबूस नाही येत," एवढं म्हणून माझ्यापुढे सरकवला. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची?

मग त्यांचे खरे प्रश्न सुटले. भाव काय? किलोला सहा-सात युरो. नानांनी दोनदा विचारून खात्री केली. तोडणी? सगळी हातानं, यंत्राला बंदी. पिळायचं किती? चार हजार किलोतून २५५० लिटर, त्यावर एक थेंब शँपेनच्या नावानं चालत नाही. "इतकं आवरून धरलं म्हणून भाव टिकला," नाना म्हणाले, "आपल्याकडं भाव चांगला झाला की पुढल्या साली सगळेच द्राक्ष लावता." गाइडला भाषांतर करून सांगितलं तर ती हसली. तिचे आजोबाही वेलीवालेच.

आवाराला लागूनच बाग आहे. तोडणी होऊन महिना झाला होता. वेली गुडघ्या-कमरेएवढ्या, ओळी एवढ्या जवळ की आपला ट्रॅक्टर आत शिरणार नाही. मांडव नाही, वेल चढवायचे वाय आकाराचे खांबही नाहीत. नानांनी छाटणीची जागा चाचपली, पानं उलटून डाऊनी रोगाची बुरशी आहे का पाहिलं. एका शेंड्यावर मागून आलेला लहानसा घड राहून गेला होता. गाइडकडे पाहून, ती मान हलवेपर्यंत थांबून, त्यांनी त्यातला एक मणी तोंडात टाकला आणि बी थुंकून म्हणाले, "बेदाण्यालाही चालायचे नाहीत."