नव्या पानावर नजर

सोमवार

माझ्या कॅलेथिया मकोयानाला, म्हणजे खोलीत ठेवलेल्या नक्षीदार पानांच्या झाडाला, नवं पान येतंय. देठांच्या गर्दीतून एक घट्ट सुरळी वर आली आहे, अजून उलगडायचं नाव नाही. पानाची खालची बाजू बाहेर ठेवून ती गुंडाळलेली असते, म्हणून जांभळट लाल दिसते. हाताने उलगडून मदत करायचा मोह फार होतो, पण करायची नाही. हवेत ओलावा असेल तर ती आपोआप सुटते. हवा कोरडी असेल तर मध्येच अडकते, आणि जबरदस्तीने सोडवलेलं पान फाटलं की ती चीर पान गळेपर्यंत तशीच राहते.

या झाडाबद्दल माझं एक मत आता पक्कं झालं आहे, ते लिहून ठेवतो. कॅलेथियाची तब्येत जुन्या पानांवरून ठरवायची नाही. जुन्या पानाची करपलेली कड ही काही आठवड्यांपूर्वी जे घडलं त्याची नोंद असते, आणि काहीही केलं तरी ती पुन्हा हिरवी होत नाही. कड दिसली म्हणून आज पाणी वाढवलं, उद्या जागा बदलली, परवा खत घातलं, तर झाडाला आणखी तीन धक्के बसतात, आणि त्यांचा परिणाम कळायला पुन्हा तेवढाच वेळ जातो. नवं पान मात्र आत्ताच्या हवेत, आत्ताच्या पाण्यावर वाढत असतं. ते अखंड, स्वच्छ उघडलं तर सध्या जे चाललंय ते बरोबर आहे. मग जुन्या पानांची कितीही दशा झालेली असो.

मंगळवार, रात्री

ताईचा व्हिडिओ कॉल आला होता. दुपारी तिला झाडाचा फोटो पाठवला होता, त्यात पानं छान आडवी पसरलेली होती. आता माझ्यामागे तेच झाड दिसलं तर म्हणाली, "अरे, हे असं ताठ का उभं राहिलंय? काही बिघडलं का?"

काही बिघडलेलं नाही, उलट हे झाड ठणठणीत असल्याचं सगळ्यात सुंदर लक्षण आहे. पातं आणि देठ जिथे जुळतात तिथे एक छोटा फुगीर सांधा असतो, त्याला पल्व्हिनस म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियमचे आयन शिरले की त्यांच्यामागून पाणी शिरतं आणि त्या पेशी फुगतात. समोरच्या बाजूच्या पेशी पाणी सोडून सैल पडतात. एवढ्यानेच हातभर पसरलेलं झाड संध्याकाळी पानं मिटून उभं राहतं आणि सकाळी पुन्हा पसरतं. ना स्नायू, ना मज्जातंतू. सगळं काम पाण्याच्या दाबावर.

आणि हे फक्त उजेड गेला म्हणून होत नाही. 1729 साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात ठेवून पाहिलं होतं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं ही गोष्ट पुढे बऱ्याच उशिरा मान्य झाली, पण सुरुवात त्या अंधाऱ्या जागेतल्या कुंडीपासून झाली. मला हे फार विलक्षण वाटतं. माझ्या खोलीत, कोणाला कळू न देता, एक घड्याळ चालू आहे.

ताईला म्हटलं, सकाळी फोन कर, पुन्हा आडवं दिसेल. झाडाजवळचा दिवा मी रात्री लावून ठेवत नाही, ते या घड्याळापायी.

बुधवार

आज पाण्याचा दिवस. दिवस असा ठरलेला नाही खरं तर, बोट ठरवतं. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली की पाणी, नाहीतर नाही. आत ओल हवी, चिखल नको. पाणी घातल्यावर खालच्या भोकांतून निथळू द्यायचं आणि ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. मुळं पाण्यात बुडून राहिली की कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, त्यामुळे वरून झाड तहानलेलं दिसतं. मग माणूस आणखी पाणी घालतो. कॅलेथिया जाण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण असावं असं मला वाटतं. पान आतल्या बाजूला वळलं म्हणून लगेच झारी उचलायची नाही, आधी माती चाचपायची.

कसलं पाणी, हा प्रश्न त्याहून मोठा. मुळांनी ओढलेलं पाणी पानाच्या टोकापर्यंत आणि कडेपर्यंत पोचतं, तिथून वाफ होऊन जातं, पण त्यात विरघळलेले क्षार आणि फ्लोराइड तिथेच राहतात. साठत साठत एक दिवस ती कड तपकिरी होते. बरीच झाडं हे सहन करतात, कॅलेथिया करत नाही. नळाचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवायचा सल्ला सगळे देतात. त्याने क्लोरीन बराचसा उडून जातो हे खरं, पण क्लोरामाइन (पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीनचंच संयुग) सहजी जात नाही आणि फ्लोराइड तर अजिबात नाही. उकळलं तर फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं, कारण वाफ पाण्याची होते, त्याची होत नाही. म्हणून मी पावसाचं साठवलेलं पाणी वापरतो, ते संपलं की आरओचं. खोलीच्या तापमानाचं, गार नाही.

खतही याच हिशेबात धरायचं. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं, तेही झाड वाढत असतानाच. खत म्हणजे शेवटी क्षारच. अधूनमधून कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू देतो, म्हणजे साठलेलं धुऊन निघतं.

गुरुवार

सकाळी दोन पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब होते. दव नव्हे ते. रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात, पण पानांतून वाफ फारशी होत नाही, तेव्हा जास्तीचं पाणी टोकांशी असं बाहेर पडतं. रोग नाही, घाबरायचं कारण नाही. पुसून टाकलं.

सुरळी कालपेक्षा सैल वाटते.

हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारं यंत्र, 58 टक्के दाखवतोय, हवं त्याच्या जवळपास. साठच्या आसपास असलं की मी निश्चिंत असतो. चाळिशीत गेलं की ह्युमिडिफायर, हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावतो. पानांवर पाणी फवारणं मी सोडून दिलं आहे. त्याने हवेतला ओलावा काही मिनिटं वाढतो, मग जैसे थे, आणि पानांवर पाणी साचून राहिलं तर बुरशीच्या डागांना आयतं निमंत्रण मिळतं. कुंडीखाली गोटे आणि पाणी घालून ठेवलेल्या ताटलीचाही फार उपयोग नाही. त्यापेक्षा चार झाडं जवळजवळ ठेवलेली बरी. पण एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर यातलं काहीच पुरत नाही.

ही झाडं मुळात कुठली आहेत ते डोळ्यांसमोर आणलं की त्यांना नखरेल म्हणवत नाही. मकोयाना पूर्व ब्राझीलमधल्या एस्पिरितू सांतू भागातली, अटलांटिकच्या काठच्या दमट जंगलातली. असल्या घनदाट जंगलात जमिनीपर्यंत वरच्या उजेडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग पोचतो. तिथे वारा नाही, थंडी नाही, माती कधी पूर्ण सुकत नाही, आणि पाणी पावसाचं. जे मिळत आलं तेच ती मागते. आपल्या खोलीत ते नाही, हा तिचा हट्ट कसा म्हणायचा? म्हणून माझी मकोयाना झिरझिरीत पडद्यामागे असते. थेट उन्हात तिची नक्षी फिकी पडते, पानं भाजतात. तापमान 18 ते 27 अंशांमध्ये, 15 च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

शनिवार

पानं पुसण्याचा दिवस. एक हात पानाखाली, दुसऱ्या हातात ओलं मऊ फडकं. चकाकी आणणारे फवारे अजिबात नकोत.

या कामाचा खरा फायदा म्हणजे खालची बाजू नीट बघून होते. लाल कोळी तिथे राहतात, कोरड्या हवेत भराभर वाढतात, आणि इतके बारीक असतात की आधी दिसते ती पानावरची फिकट ठिपक्यांची धूळ, मग देठाच्या बेचक्यात तलम जाळी. आढळले तर झाड बाकीच्यांपासून वेगळं करून पानांच्या दोन्ही बाजू पाण्याने धुवायच्या, मग कीटकनाशक साबण किंवा निमतेल, आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा, कारण अंडी पहिल्या फेरीत मरत नाहीत. आज काही नव्हतं.

आणि खालची बाजू बघण्यासारखी असतेच की! वरच्या फिक्या पात्यावर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना गडद हिरवे लंबगोल, एक मोठा, एक लहान, पुन्हा मोठा. तीच नक्षी खाली जांभळ्या रंगात. उजेडासमोर धरलं की पातं इतकं पातळ की दोन्ही रंग एकमेकांतून दिसतात. हे पुसताना माझा अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

रविवार

उघडलं! पूर्ण, कुठेही चीर नाही, टोकही हिरवं. रंग अजून कोवळा आहे, गडद व्हायला वेळ लागेल. म्हणजे पाणी तेच, जागा तीच, ह्युमिडिफायर तसाच. काही बदलायचं नाही.

कुंडीतली नावाची पट्टी पुसट झाली होती, ती बदलली. 2012 मध्ये डीएनएच्या आधारे कॅलेथियातल्या दोनशेहून अधिक जाती गोपर्टिया या प्रजातीत हलवल्या गेल्या, मकोयानाही त्यात आली. पट्टीवर 'गोपर्टिया मकोयाना' लिहिलं. बोलताना मी कॅलेथियाच म्हणणार, सगळेच म्हणतात.

ताईला फोटो पाठवला, तर लगेच उत्तर आलं, "मला एक पान तोडून दे ना, पाण्यात ठेवते." तिला सांगावं लागलं की पानापासून हे झाड होत नाही. मातीखालचा कंद मुळांसकट वेगळा करावा लागतो, प्रत्येक भागाला दोन-तीन पानं तरी हवीत, आणि तेही वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला, कुंडी बदलताना. तोपर्यंत मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) आणि झाडाच्या सालींचे तुकडे मिसळून तिच्यासाठी माती तयार ठेवतो. तिने तोवर हायग्रोमीटर घ्यावा आणि कोपरा ठरवावा. तिच्या मांजरीला धोका नाही एवढं मात्र आजच सांगून टाकलं, कॅलेथिया कुत्र्या-मांजरांना विषारी नसते. धोका मांजरीचा पानांना आहे, तेव्हा कोपरा जरा उंचावर बघ म्हटलं.