रडू नकोस, असं मी का म्हणाले

मंगळवार, रात्र. इंदूर

मावशींना आज मूठमाती दिली. येताना पाऊस लागला. चपलांना चिकटलेली काळी माती अजून दाराशी तशीच आहे.

पेटी खाली उतरताना ताईचा बांध फुटला. मी तिचा खांदा धरून म्हणाले, "रडू नकोस गं, त्या प्रभूजवळ आहेत." सगळेच म्हणत होते. ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खरंच गप्प झाली. ते गप्प होणं दिवसभर टोचतंय.

घरी येऊन बायबलमधला लूक 7 काढला. नाईन गावच्या विधवेला येशूही तेच म्हणाला होता, मग माझं काय चुकलं? म्हणाला खरा. तिचा एकुलता एक मुलगा गेलेला, तिरडी वेशीबाहेर निघालेली, आणि त्याला तिचा कळवळा आला. मूळ ग्रीक शब्दात आतडी आहेत. आपण 'आतडं तुटलं' म्हणतो, तसंच. पण पुढचं मी विसरले होते. प्रेताला शिवलं की विटाळ, तरी तो तिरडीला हात लावतो, खांदेकरी थांबतात, मुलगा उठून बोलायला लागतो. मुलगा परत देणं त्याच्या हातात होतं. माझ्या हातात छत्री होती.

बेथानी गावात तर तो तेही म्हणत नाही. योहान 11. त्याचा मित्र लाजर जाऊन चार दिवस झालेले. आजारपणाचा निरोप मिळूनही हा दोन दिवस होता तिथेच राहिला (याचा मला लहानपणापासून राग आहे, कुठल्याच पाळकसाहेबांच्या उपदेशाने तो गेला नाही). लाजराच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी एकच बोलतात : तुम्ही इथे असता तर भाऊ गेला नसता. मार्थेशी तो पुनरुत्थानाचं बोलतो. मरीया पायांवर पडून रडते, तिला सांत्वनाचा एक शब्द नाही. कुठे ठेवलंय, एवढंच विचारतो. मग "येशू रडला." थोड्याच वेळात लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार, हे ठाऊक असताना.

ग्रीकमध्ये मरीयेच्या रडण्याला आक्रोशाचा शब्द आहे, येशूच्या रडण्याला नुसता आसवं गाळण्याचा. त्याआधीचा एक शब्द तर घोड्याच्या फुरफुरण्यालाही वापरत. म्हणजे चीडही होती. मरणावरची असावी, मरीयेवरची नक्कीच नाही.

संध्याकाळी ताईच्या शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सकाळच्या पोह्यांनंतर घरात कुणाच्या पोटात काही नव्हतं. काकूंना आपली प्रार्थना येत नाही, वचनं येत नाहीत. डबा कोपऱ्यात ठेवून त्या ताईच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि त्यांचेच डोळे वाहायला लागले. मग ताई रडली. मोठ्यांदा, पार घसा बसेपर्यंत.

मी आत चहा गाळत होते. बाहेर आले नाही.