चांदणी कोणती? आधी घरं मोजा

अमळनेरला माझ्या शिवणवर्गात गोधडी आणि क्विल्ट शिकायला येणाऱ्या बायका सगळ्यात जास्त अडतात त्या चांदणीच्या नमुन्यांपाशी. मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, या दोन्ही चांदन्या एकच शेतस ना वं?" दोन्हींच्या मधे चौकोन, दोन्हींना आठ टोकं, चारही कोपऱ्यांत कोरे चौकोन. बघणाऱ्याला एकच वाटणार. पण कात्री हातात घेतली की एकीचं माप दुसरीला लागत नाही.

यातली एक ओहायो स्टार आणि दुसरी सॉटूथ स्टार. टोकं मोजून यांच्यातला फरक कधीच कळणार नाही, कारण ती दोन्हीकडे आठच आहेत. ब्लॉकमध्ये, म्हणजे नमुन्याच्या एका चौकोनी तुकड्यात, घरं (सारख्या मापाचे चौकोनी भाग) किती ते मोजायचं. ओहायो स्टार तीन बाय तीनची, म्हणजे नऊ घरांची. सॉटूथ चार बाय चारची, सोळा घरांची, आणि तिच्या मधल्या चार घरांचा मिळून एक मोठा चौकोन होतो. 12 इंची ब्लॉक घेतला तर ओहायोचा मधला चौकोन 4 इंचांचा भरतो आणि सॉटूथचा 6 इंचांचा. टेप नसेल तरी चालतं. मधला चौकोन ब्लॉकच्या रुंदीच्या निम्मा दिसतोय की तिसरा हिस्सा, एवढं बघा.

फोटो वाकडातिकडा असेल, मधल्या चौकोनाचा अंदाज येत नसेल, तर कडेच्या मधोमध बघा. ओहायोमध्ये तिथे डमरू असतो. एका घराला दोन्ही कर्ण मारून चार त्रिकोण केलेले असतात. डावा-उजवा चांदणीच्या रंगाचा, बाहेरचा जमिनीच्या, म्हणजे पार्श्वभूमीच्या, रंगाचा आणि चौथा आतून मधल्या चौकोनाला टेकलेला. सॉटूथमध्ये हा चौथा त्रिकोण नसतोच. बाहेरून आलेला जमिनीचा मोठा त्रिकोण सरळ खाली येतो आणि त्याचं टोक मधल्या चौकोनाला भिडतं. माझ्या मते ही खूण सगळ्यात भरवशाची आहे. रंग कितीही बदलले, तरी शिवण लपत नाही.

रंगांचं मुद्दाम सांगते. कोपऱ्यांचे चौकोन चांदणीच्याच रंगाचे घेतले, किंवा डमरूच्या आतल्या त्रिकोणाला तिसरा रंग दिला, की तोच ब्लॉक ओळखू येत नाही. शंका आली की मी फोटोची प्रिंट काढते, वर बटर पेपर ठेवते आणि फक्त शिवणीच्या रेघा गिरवते. रंग बाजूला पडले की घरं आपोआप दिसायला लागतात.

आता कापण्याकडे येऊ. ओहायोच्या 4 इंची डमरूसाठी सव्वापाच इंची चौकोन घ्यायचा आणि दोन्ही कर्णांवर कापायचा. एका चौकोनाचे चार त्रिकोण मिळतात. चांदणीच्या रंगाचे असे दोन चौकोन लागतात, जमिनीच्या रंगाचे दोन. असं कापल्यावर प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते, आणि तीच डमरूच्या कडेला बसते. एकाच कर्णावर कापलेले त्रिकोण इथे लावले तर कडेला उरेब, म्हणजे कापडाची तिरपी बाजू, येतो. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं कापड उरेबात लगेच ताणलं जातं, कड लाटेसारखी फुगते आणि 12 इंची ब्लॉक 12 इंचांत बसत नाही. सॉटूथला सव्वासात इंचांचा एक मोठा चौकोन आणि पावणेचारच्या किंचित पुढचे, नेमके 3⅞ इंचांचे, चार छोटे चौकोन घेतले की चारही बाजूंचे तुकडे एकदम निघतात. कापडही वाया जात नाही. शिलाई सगळीकडे पाव इंच.

बाकीच्या चांदण्या पटकन वेगळ्या काढता येतात. फ्रेंडशिप स्टारही नऊ घरांचीच, पण टोकं चार आणि सगळी एकाच दिशेला फिरलेली. लेमॉयन स्टारला मधे चौकोनच नाही. आठ शंकरपाळ्यांची टोकं एका बिंदूत मिळतात, आणि शिवायला ती सगळ्यात अवघड. त्या प्रत्येक शंकरपाळ्यात छोट्या शंकरपाळ्या जोडत गेलं की लोन स्टार होते.

नावांचा घोळ आपल्याकडचा नाही, तो अमेरिकेतूनच आला. ओहायो स्टारला कुणी व्हेरिएबल स्टार म्हणतं, सॉटूथला कुणी इव्हनिंग स्टार. सेंट लुईसची लेडीज आर्ट कंपनी 1889 पासून टपालाने नमुने विकायची. कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्राने 1928 ते 1961 पर्यंत नमुने छापले. छापणारा नाव देत गेला, घरोघरी वेगळी नावं होतीच. बार्बरा ब्रॅकमन यांनी 1993 च्या आपल्या कोशात चार हजारांवर नमुने गोळा केले, आणि ते लावले बांधणीनुसार. मला हे फार पटतं. नाव माहीत नसलेल्या बाईलाही घरं मोजून नमुना सापडला पाहिजे.

म्हणून वर्गातल्या प्रत्येक ब्लॉकच्या मागे आम्ही आधी घरं लिहितो, मग मधल्या चौकोनाचं माप, आणि नाव शेवटी. पारोळ्याला माझ्या सासूबाईंच्या पेटीत त्यांनी शिवलेली चांदण्यांची गोधडी आहे. सोळा घरं, मधला चौकोन निम्मा. बांधणी सॉटूथचीच, पण त्या कापडाची घडी घालून घालून मापं काढायच्या. पट्टी त्यांनी कधी वापरली नाही. वहीत मी त्या चांदणीपुढे घरं आणि माप लिहिलं, आणि नावाच्या जागी त्यांचं नाव. तिथे सॉटूथ लिहायला माझा हात धजला नाही.

उन्हाळ्यात गोधड्या धुवायला, वाळवायला निघतात. तुमच्या घरी चांदणीची एखादी जुनी असेल तर फोटो जरूर पाठवा. गोधडी सपाट पसरा, फोटो बरोबर वरून काढा, आणि मधल्या चौकोनावर शिवणकामाची पट्टी ठेवायला विसरू नका.